तिन्ही पाळ्यांचा फळा

नाशकात अंबडच्या कारखान्यांमागे कामगारांची एक वसाहत आहे. तिच्या चौकात, कडुनिंबाखाली, दोन लोखंडी पायांवर मी उभा आहे. मी काळा फळा. येणारेजाणारे मला वाचतात, पण मला स्वतःला वाचता येत नाही. हसू नका. माझ्या छातीवर काय लिहिलंय ते मला कसं दिसणार? माणसाला तरी स्वतःच्या कपाळावरचं वाचता येतं का? खडू कुठे टेकला, कुठे वळला, कुठे दाबला गेला एवढं मला कळतं. बाकीचं लोक मोठ्यानं वाचतात तेव्हा कळतं.

बत्तीस वर्षं हे असंच चाललंय. तेवढ्यात माझ्यावर किती लिहिलं गेलं आणि किती पुसलं गेलं, त्याला मोजमाप नाही. पण चार ओळी अशा होत्या की पुसल्या तरी गेल्या नाहीत. त्या चार ओळींपायी एका गरीब बाईचा जीव माझ्याच सावलीत टांगणीला लागला होता. तेच सांगायचं आहे. दमादमानं सांगतो, मला घाई जमत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लांबून कुठून तरी एक मशीन आलं, ते ज्या लाकडी पेटीत आलं तिच्या फळ्या म्हणजे मी. भंगारात जाणार होतो. जयराम नावाचा टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर होता, त्यानं साहेबाकडून मला मागून घेतलं. वेल्डिंगवाल्यांनी अँगलचे पाय लावून दिले, कुणी काळा रंग आणला, आणि एका रविवारी सात-आठ जणांनी मिळून मला खड्डा करून चौकात रोवलं. नारळ फुटला. त्याचं पाणी माझ्या पायावर पडलं, तेवढीच माझी पूजा.

जयरामचं अक्षर मोत्यासारखं, असं लोक म्हणायचे. त्याच्याबरोबर रंगनाथ असायचा. रंगनाथ हेल्पर होता, शाळा चौथीत सुटलेली. जयराम लिहायचा आणि रंगनाथ खडू हातात धरून उभा राहायचा. संध्याकाळी गर्दी पांगली की जयराम त्याला माझ्या खालच्या कोपऱ्यात अक्षरं गिरवायला लावायचा. रंगनाथचा हात जड. लेथवर लोखंड धरणारा हात, तो खडूही पान्यासारखा धरायचा. पण खरं सांगतो, मला जयरामच्या सुंदर अक्षरापेक्षा रंगनाथचा तो जड हात जास्त कळायचा. प्रत्येक अक्षर तो विचारून विचारून उतरवायचा.

पहिल्याच वर्षी एक गोष्ट घडली. वसाहतीतला एक माणूस वारला. दुःखद निधन म्हणून सकाळी माझ्यावर लिहिलं, आणि संध्याकाळी कुणीतरी ते पुसून नळाच्या वेळा लिहिल्या. मेलेल्या माणसाचा जिवलग मित्र तिसऱ्या पाळीला होता. दिवसभर झोपून तो रात्री माझ्यासमोरून कामाला गेला, नळाच्या वेळा वाचून गेला. मित्र गेल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा राखही सावडून झाली होती. तो माझ्यासमोर बसून रडला होता.

त्या दिवशी जयरामनं नियम केला. फळा सकाळी साडेसातला पुसायचा आणि साडेसातलाच लिहायचा, म्हणजे पहिली पाळी सुटून येताना, दुसरी कामाला जाताना आणि तिसरी रात्री निघताना वाचेल. तिन्ही पाळ्यांनी वाचल्याशिवाय पुसायचं नाही. मध्येच खोडायचं नाही. काही चुकलं असेल तर उद्या सकाळी ‘कालचं चुकलं’ म्हणून लिहायचं. नियम चांगल्या पोटी जन्मला होता. म्हणून तर तो इतकी वर्षं टिकला.

जयराम गेला त्याला आता बारा वर्षं झाली. त्याच्या निधनाची बातमी रंगनाथनं लिहिली. तो शब्द लिहिताना खडू तीनदा मोडला. तेव्हापासून मी रंगनाथचा.

रंगनाथ रिटायर झाला होता. पांढरी टोपी, जाड चष्मा, हातात पेपरची घडी. सगळे त्याला अण्णा म्हणत, टवाळ पोरं मागून संपादक म्हणत. तो पेपरातल्या दोन-तीन बातम्या लिहायचा आणि खाली उजव्या अंगाला त्याचं मत. नाव मात्र कधी टाकायचा नाही. म्हणायचा, फळ्याला नाव असतं का.

त्याच्या मतांना मुलाजा नव्हता. मालिकेतल्या सुना अंगभर दागिने घालून झोपतात, त्यांना टोचत कसं नाही, असं त्यानं एकदा लिहिलं तर बायका आठवडाभर हसत होत्या. हळदीच्या डीजेनं आजारी माणसाच्या छातीत धडधडतं, नवरदेवानं आधी शेजाऱ्याची तब्येत विचारावी, हेही त्यानंच लिहिलं. क्रिकेट हरलं की टीव्हीवर चार-चार तास रडतात, आपल्या गल्लीचा दिवा दोन महिने बंद आहे त्यावर कुणी चार मिनिटं बोलत नाही. सरकारी दवाखान्यात केसपेपरची रांग दुखण्यापेक्षा लांब असते. आणि घंटागाडीच्या गाण्याबद्दल तर त्यानं लिहिलं होतं की गाडी येत नाही त्या दिवशीही ते कानात वाजतं, इतकी तिची वाट पाहावी लागते.

त्याचं लिहिणं बघायला लोक थांबायचे, कारण ते फार सावकाश व्हायचं. एकेक अक्षर उतरे आणि मागे उभी माणसं ते मोठ्यानं म्हणत. अर्धा शब्द झाला की पुढचा ओळखायची चढाओढ लागे. शब्द पूर्ण झाल्याशिवाय पाय निघत नसे कुणाचा. मला वाचता येत नाही, पण त्या सगळ्यांच्या तोंडून मी रोज स्वतःला ऐकायचो.

माझ्या पायाशी कुसाबाईची भाजीची हातगाडी. तीही माझ्यासारखीच अंगठेबहाद्दर. तिनं मला कधी वाचलं नाही, पण तिच्याइतकं मला कुणी ऐकलं नसेल. कुणी काही वाचून दाखवलं की ती मेथी निवडता निवडता एकच विचारायची, “कोणी पाह्यलं?” गिऱ्हाइकं चिडायची. पेपरात आलंय म्हटलं तरी तिचं तेच. रंगनाथ म्हणायचा, आमच्या ऑफिसातला सगळ्यात मोठा साहेब कुसाबाई.

मग फोन आले.

एकदम नाही, हळूहळू. आधी गर्दी कमी झाली, मग मान वर होईनाशी झाली. सकाळी साडेसातला रंगनाथ जे लिहायचा ते सगळ्यांनी रात्रीच वाचलेलं असायचं. वाढदिवसाचे फ्लेक्स माझ्यावरच बांधायला लागले. कुणाचे तरी हसरे चेहरे आठ-आठ दिवस माझ्या तोंडावर. रंगनाथ सुतळी सोडून फ्लेक्सची गुंडाळी करायचा आणि ज्याचा त्याला नेऊन द्यायचा, भांडायचा नाही. मयूर म्हणून एक जवान गडी आहे, मोबाइलवर रील करतो, चौकातल्या भानगडी लोकांना दाखवतो. वाईट नाही, पण त्याला शांत बसवत नाही. तो एक दिवस म्हणाला की अण्णा, तुमचा फळा म्हणजे शिळी भाकरी. रंगनाथ हसला. पण त्या दिवशी त्यानं मत लिहिलं नाही.

मला वाटतं ते शब्द त्याला लागले. म्हाताऱ्या माणसाला उपास सोसतो, पण आपली गरज उरली नाही हे सोसत नाही.

तो मंगळवार होता. उन्हाळा नुकता लागलेला, पाण्याचे हाल सुरू झालेले. रंगनाथ सकाळी आला तेव्हा त्याच्या हातात पेपर नव्हता, फोन होता. मुलानं दिलेला. त्यावर पहाटे काही आलं होतं. त्यानं मला पुसलं आणि पेपरातून काही न घेता थेट फोनमधलं उतरवायला लागला. जयरामनं असं कधी करू दिलं नसतं. छापून आलेलं नाहीतर डोळ्यांनी पाहिलेलं, एवढंच फळ्यावर. पण रंगनाथला त्या दिवशी शिळी भाकरी व्हायचं नव्हतं. एकदा तरी सगळ्यांच्या आधी.

मागे लोक थांबले. शब्दाशब्दानं मला ऐकू आलं.

“सावधान. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका मुलं पळवतात. अशी टोळी नाशकात शिरली आहे. दिसल्यास धरून ठेवा.”

मग एकदम सगळे बोलायला लागले. शाळेत पोरं सोडायला निघालेल्या आया परत फिरून वाचायला आल्या. दूधवाला थांबला. जे मान वर करत नव्हते त्यांनी माझे फोटो काढले. जे फोनवर आलं होतं ते फळ्यावर आलं म्हणजे खरंच, असं मी चार जणांच्या तोंडून ऐकलं. मयूरनंही येऊन अण्णांच्या पाठीवर थाप मारली.

कुसाबाईनं नेहमीचं विचारलं. “कोणी पाह्यलं?”

रंगनाथनं खडू ठेवून दिला. त्यानं खडूचा हात माझ्याच काठाला पुसला. तो हात गरम होता. तो खूश होता, हे मला लपवायचं नाही. आणि मीही खूश होतो. माझ्याकडे पुन्हा माणसं बघत होती.

दुपारी बाराच्या सुमारास रंगनाथची सून उज्वला आली. ती आशा सेविका आहे, घरोघर लस आणि औषधं घेऊन फिरते, सगळ्या वस्त्या तिला ठाऊक. तिनं मला वाचलं आणि तिथूनच सासऱ्याला हाक मारली. तिचं म्हणणं असं की हा मजकूर दरवर्षी फिरतो, गावाचं नाव तेवढं बदलतात. तिच्याही फोनवर तो आला तेव्हा सकाळीच तिनं पोलीस चौकीत विचारलं होतं, एकही पोर हरवलेलं नाही. अशाच एका अफवेत कुठे निरपराध माणसं जमावानं मारली ते तिला माहीत होतं. ती म्हणाली, “मामा, आत्ताच्या आत्ता पुसा हे.”

रंगनाथचा चेहरा उतरला. माझ्या मागच्या खिळ्याला डस्टर टांगलेलं असतं, ते त्यानं काढलं. माझ्यावर टेकवलंसुद्धा. आणि हात थांबला.

“दुसरी पाळी अजून जायची आहे,” तो म्हणाला. “सकाळी लिहितो, चुकलं म्हणून.”

उज्वलानं त्याला पुष्कळ समजावलं. तो नियमाचं बोलत राहिला, जयरामचं नाव घेत राहिला. इतक्या वर्षांत भरदुपारी या फळ्याला डस्टर लागलेलं नाही, असं म्हणाला. ते खरंच होतं. पण त्याचा हात माझ्यावर टेकलेला होता, म्हणून मला दुसरंही कळत होतं. पुसलं तर लोक विचारतील, आणि मग सकाळची ती गर्दी, ती पाठीवरची थाप, सगळंच पुसलं जाईल. त्याला एक दिवस हवा होता. नुसता एकच दिवस. उज्वलाला लसीकरणाला जायचं होतं. ती चिडून गेली. रंगनाथनं डस्टर खिळ्याला न लावता खिशात घातलं आणि घरी जाऊन पडला.

मला तोंड असतं तर ओरडलो असतो, असं आता म्हणणं सोपं आहे. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. मीही नियमातलाच होतो.

तीन वाजता दुसरी पाळी मला वाचत कामाला गेली. आणि साडेतीनच्या उन्हात लंकाबाई आली.

लंकाबाई बोहारीण. डोक्यावर जुन्या कपड्यांचं बोचकं, कमरेवर टोपलीत स्टीलची भांडी. महिन्या-दोन महिन्यांनी ती या वसाहतीत यायची, पण पहिली पाळी सुटायच्या आत निघून जायची. या वेळी बोटाला धरून पाच वर्षांची नात होती. घामाघूम झालेली बाई सावली शोधत आली आणि बरोब्बर माझ्याखाली बसली. तिलाही वाचता येत नव्हतं. डोक्यावर एक हातावर तिचंच मरण लिहिलेलं, आणि ती कुसाबाईकडे प्यायला पाणी मागत होती.

कुसाबाईनं तांब्या पुढे केला. पाणी देता देता ती हलक्या आवाजात म्हणाली, “बाई, आज इथं नको बसू. ऊठ, नीघ लवकर.”

लंकाबाईला वाटलं, बाई सावलीवरून हुसकावतेय. ती म्हणाली की पोर दमलीय, घटकाभर टेकते. पोर खरंच बोचक्यावर डोकं ठेवून झोपली होती. तिच्या अंगात निळा झगा होता. खिशावर शाळेचं नाव. आमच्याच वसाहतीतल्या शाळेचा गणवेश तो. कुणीतरी दोन चहाच्या गाळण्यांवर दिला असेल आणि आजीनं नातीला घातला असेल. गरिबाच्या घरात गणवेश शाळेआधी येतो.

पावणेचारला पहिली पाळी सुटून आली.

आधी दोघं थांबले. मग चौघं. एकानं मला मोठ्यानं वाचलं, खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं. बोचकं. भांडी. झोपलेली पोर, अंगात आपल्या शाळेचा झगा. सायकली आणि गाड्या आडव्या लागल्या तो आवाज मी ओळखला. वाट बंद झाली होती.

विचारायला लागले. कुठून आलीस, ही पोर कुणाची. लंकाबाई म्हणाली, माझ्या लेकीची. मग झगा या शाळेचा कसा? तिनं खरं ते सांगितलं, आणि त्या वेळी ते खोट्यासारखं वाटलं. कुणी आधार कार्ड मागितलं. ते घरी होतं. कुणी पोरीला हलवून उठवलं आणि तुझं नाव काय, ही तुझी कोण, असं चार बाजूंनी विचारलं. पोर झोपेतून उठून एवढी तोंडं बघते, तिची वाचाच बसली. ती नुसती रडायला लागली. आजीकडे जायला बघत होती, तर एका बाईनं तिला मायेनंच मागे ओढून धरलं. बघा, पोर बोलत नाही, काहीतरी पाजलंय तिला, असं कुणीतरी म्हणालं. एवढं पुरतं.

मयूरनं फोन वर धरला होता. तो माझ्यावरच्या ओळी मोठ्यानं वाचत होता, मग फोन खाली लंकाबाईवर आणत होता, मग पुन्हा माझ्यावर. पन्नास-साठ माणसं जमली. लंकाबाईचा पदर कुणाच्या तरी हातात गेला. ती माझ्या पायाला मिठी मारून बसली. तिच्या छातीचे ठोके माझ्या लोखंडात उतरत होते.

कुसाबाईनं हातगाडी लोटून मध्ये घातली. टोमॅटो रस्त्यावर सांडले. ती आडवी उभी राहून शिव्या घालत होती, मला माहीत असलेल्या आणि नसलेल्याही. लोकांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती हलली नाही. फोनवर ‘उजू’, म्हणजे उज्वला, कुठे दाबायचं एवढंच तिला कुणीतरी शिकवलं होतं, हिरव्या चित्रावरून. ते तिनं पदराआड दाबलं होतं.

आणि रंगनाथ आला. गलका ऐकून टोपी सावरत आला. गर्दीनं त्याला लगेच वाट दिली. एकानं त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, “अण्णा, तुमचंच खरं निघालं. धरली.”

असलं कौतुक वैऱ्यालाही मिळू नये.

रंगनाथनं लंकाबाईकडे पाहिलं. तिच्या कपाळावर तिच्याच टोपलीतल्या भांड्याची कड लागून रक्त आलं होतं. त्यानं हात जोडले आणि म्हणाला की हे खोटं आहे, मी फोनवरून लिहिलं, मला दुपारीच कळलं होतं. पण त्याचा आवाज म्हाताऱ्याचा. पुढच्या चौघांना ऐकू गेलं असेल. त्यातला एक म्हणाला, अण्णा घाबरलेत. मयूर म्हणाला, “अण्णा, फळ्यावर लिहिलंय ना. मग?”

माझा जन्म ज्यासाठी झाला होता ते त्या शब्दांत होतं. लिहिणारा समोर उभा राहून खोटं आहे म्हणत होता, आणि लोक त्याचं न ऐकता माझं ऐकत होते.

मागून कुणीतरी स्टीलचा एक जड डबा भिरकावला. लंकाबाई खाली वाकली. तो डबा माझ्या उजव्या अंगाला बसला आणि फळीत खळगा पडला. तो खळगा पाहताना रंगनाथचं काय झालं कोण जाणे. खिशात डस्टर आहे हे तो विसरला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्यावर चालवली.

भरदुपारी. पहिल्या पाळीचं अजून पूर्ण वाचून व्हायचं होतं, तिसरी घरात झोपली होती. जयरामचा नियम त्यानं टोपीनं पुसला. टोपी मळली, अक्षरं फिस्कटली, मग त्यानं तळहातानं घासलं, शर्टाच्या बाहीनं घासलं. लोक बघत राहिले. अण्णांनी मध्येच फळा पुसला, हे त्यांनी आजवर पाहिलेलं नव्हतं.

मग त्यानं खडू टेकवला.

पहिलं अक्षर दोनदा घसरलं. तो नेहमीसारखाच, एकेक करून लिहायला लागला. आणि मागे सवयीनं, नुसत्या सवयीनं, कुणीतरी म्हणालं, “ही.” पुढे आणखी दोघं. “बा… बात… बातमी.” दगड उचललेला एक हात तसाच राहिला, कारण पुढचा शब्द काय ते कळायचं होतं. मी त्याला मनात विनवत होतो, सावकाश लिही, रंगनाथ, आयुष्यभर लिहिलंस तसं लिही, याहून सावकाश लिही. अर्ध्या शब्दावर आमच्या चौकातला माणूस हलत नाही.

“खो… खोटी… आहे.”

पन्नास तोंडांनी ते म्हटलं. पन्नास जणांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं की ही बातमी खोटी आहे.

रंगनाथ थांबला नाही. “मला… दुपारी… कळलं… होतं… मी… पुसलं… नाही.” आता मागचे आवाज खाली येत चालले होते. शेवटी त्यानं जे लिहिलं ते माझ्यावर पूर्वी कधी उमटलं नव्हतं. ते वाचलं कुसाबाईच्या बाजूला उभ्या असलेल्या एकाच माणसानं, तेही पुटपुटत. “रंगनाथ.”

शेवटचं अक्षर झालं आणि गर्दीत एक फट पडली, तिथून उज्वला आत शिरली. तिच्यामागे चौकीतले दोन हवालदार. उज्वलानं त्या बाईच्या हातातून पोर सोडवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “कॅनॉलजवळच्या पालावरची आहे ही. हिला पोलिओचे थेंब मी पाजलेत. नावासकट ठाऊक आहे मला.” पोर उज्वलाच्या खांद्यावरून आजीकडे झेपावली. हवालदारांनी गर्दी मागे सारली. मयूरचा फोन केव्हाच खाली आला होता. रस्त्यावरचे टोमॅटो सगळ्यात आधी त्यानंच वेचायला घेतले, मान खाली घालून.

लंकाबाईच्या कपाळाला तीन टाके पडले. बोचकं फाटलं होतं, भांडी चेपली होती. वसाहतीनं भांडी भरून दिली, माफीही मागितली. पालाकडे जाताना तिनं एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

रंगनाथला पोलिसांनी दोन दिवस चौकीत बोलावलं, समज देऊन सोडलं. त्यानं ती ओळ तीन पाळ्या नाही, नऊ दिवस ठेवली. पहिली पाळी वाचायची आणि खाली मान घालून जायची. दहाव्या दिवशी त्यानं फळा पुसला आणि डस्टर खिळ्यावरून काढून दोरीनं माझ्या पायाला पुढच्या बाजूला बांधलं, कुणाच्याही हाताला येईल असं. खोटं दिसलं तर ज्याला दिसेल त्यानं, त्याच घटकेला पुसायचं, असा आता नियम आहे. जयराम असता तर त्यानंही हेच केलं असतं, असं रंगनाथ म्हणतो. मला काही तसं खात्रीनं सांगता येत नाही. पण तो ते अगदी हळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणतो, म्हणून मी ऐकून घेतो.

आता मी म्हातारा झालोय. पायांना गंज आहे. उजव्या अंगाच्या खळग्यात खडू अडखळतो, म्हणून रंगनाथ तेवढी जागा कोरी सोडतो. माझ्याकडे बघणारे पुन्हा कमी झालेत आणि त्याचं मला दुःख नाही. घंटागाडीबद्दल, मालिकेतल्या सुनांबद्दल तो अजून लिहितो. खाली नाव टाकतो. लिहायच्या आधी कुसाबाईला वाचून दाखवतो, आणि ती मेथीच्या जुडीवरून मान वर न करता विचारते ते विचारतेच.

तुम्हाला वाचता येतं. ती फार मोठी गोष्ट आहे, मला विचारा. तुमच्या हातात तर आता प्रत्येकाचा वेगळा फळा आहे, उजेडाचा. त्याला रात्र नाही, पाळ्या नाहीत. माझं एवढंच मागणं आहे, की वाचून झालं की बोट पुढे जायच्या आधी एकदा त्या अडाणी बाईसारखं विचारत जा. आणि चूक कळली तर सकाळची वाट पाहू नका. मी पाहिली होती.

लंकाबाई चार महिन्यांनी पुन्हा आली. नात बरोबर नव्हती. ती माझ्या सावलीत आली नाही. रस्त्यापलीकडे, उन्हात, बोचकं डोक्यावर तसंच ठेवून उभी राहिली आणि तिथून तिनं कुसाबाईला विचारलं, “आज वर काय लिव्हलंय?”

कुसाबाईनं रंगनाथकडे पाहिलं. रंगनाथनं चष्मा पुसला, माझ्यासमोर उभा राहिला आणि स्वतःच लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. उद्या पाणी सकाळी सहाला येईल. गल्लीचा दिवा लागला. खाली रंगनाथ.

“एवढंच?” तिनं विचारलं.

“एवढंच, बाई.”

तिनं डोक्यावरचं बोचकं सावरलं. मग रस्ता ओलांडून आली.

आताही येते, महिन्या-दोन महिन्यांनी. दर वेळी आधी पलीकडे थांबते, उन्हात. आणि कुणीतरी वाचून दाखवेपर्यंत मी इकडे श्वास रोखून उभा असतो, कारण माझ्या छातीवर काय लिहिलंय ते तिला कळत नाही, तसं मलाही कळत नाही.